आधी बाजेवरून उतरा, मग दोऱ्या आवळा!

दोस्तांनो, तुमच्या आजोळी दोरीनं विणलेली बाज आहे का? रोज झोपून झोपून तिच्या दोऱ्या सैल पडतात आणि मधोमध झोळी होते. मग आजोबा एके दिवशी बाज अंगणात काढतात आणि पायाकडच्या दोऱ्या ओढून ओढून ती पुन्हा ताठ करतात. आता सांगा, हे काम आजोबा बाजेवर झोपून करतात का? हसलात ना! बाज आवळायची तर आधी तिच्यावरून खाली उतरायला हवं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

पण हीच गोष्ट कॉम्प्युटरच्या बाबतीत कळायला मला अख्खा आठवडा लागला. तीच हकीकत आज सांगते.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. लोकवर्गणीतून घेतलेला एकच कॉम्प्युटर, विंडोज ७ वर चालणारा. गणिताचे खेळ, चित्रं रंगवणं, शाळेची पत्रं टाइप करणं, सगळं त्याच्यावरच. २०१८ च्या हिवाळ्यात आमच्या सहावीच्या मुलांनी एक मोठं काम केलं. माझा मोबाइल घेऊन ती घरोघर गेली आणि गावातल्या चौदा आजी-आजोबांना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही काय खाल्लंत, काय केलंत?" काय काय उत्तरं मिळाली म्हणून सांगू! परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, पोरांना वाटली जाणारी सुकडी, खडी फोडायला रोज पहाटे चालत जाणं. एका आजींनी तर खडी फोडताना बाया म्हणायच्या ते गाणंच म्हणून दाखवलं. मध्येच त्यांना ठसका लागला आणि त्या स्वतःच हसल्या. ते हसणंही रेकॉर्ड झालं.

मोबाइल भरून गेला. मी सगळी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतली आणि मोबाइलमधली पुसून टाकली. माझं चुकलं ते इथेच. पण ते तेव्हा कुठे कळलं!

पुढे मे महिन्यात त्या गाणाऱ्या आजी वारल्या. त्यांची नात आमच्याच शाळेत. जून २०१९ मध्ये शाळा उघडली तेव्हा ती सातवीत आली होती. पहिल्याच दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आजीचं ऐकवा ना."

"शनिवारी सगळ्यांनाच ऐकवीन हं," मी म्हटलं.

शनिवार उजाडायच्या आधीच मृगाचा पाऊस आला. कॉम्प्युटर चालू, मी पटसंख्येचा तक्ता भरतेय, आणि कडाड्कन आवाज होऊन लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर नेहमीचं रंगीत चित्र येईचना. काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एकच ओळ, "अ डिस्क रीड एरर ऑकर्ड." म्हणजे डिस्क वाचता आली नाही. पुन्हा चालू केला, पुन्हा तीच ओळ. दहादा केलं, दहादा तीच!

तालुक्याच्या गावी एक दुरुस्तीवाले आहेत, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "फॉरमॅट मारावा लागेल मॅडम. आतलं सगळं जाईल, पण मशिन एकदम नव्यासारखं होईल."

नव्यासारखं! नवं मशिन घेऊन मी काय करू? नात तिथेच उभी होती. मी "नंतर कळवते" म्हणून फोन ठेवला.

मग आमचे उद्योग सुरू झाले. डबा उघडला, आतली बोटभर धूळ ब्रशानं झाडली, डिस्कला जाणारी चपटी तार काढून पुन्हा घट्ट बसवली. कधी कधी तेवढ्यानंही काम होतं, बरं का! आमचं झालं नाही.

आता जरा थांबून, कॉम्प्युटर चालू होतो म्हणजे काय होतं ते पाहू. नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

बटण दाबल्या क्षणी कॉम्प्युटर अगदी तान्ह्या बाळासारखा असतो. विंडोज काय, माउस काय, त्याला काही ठाऊक नसतं. आतल्या मोठ्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक छोटी चिप असते. तिच्यातल्या कार्यक्रमाला आमच्या कॉम्प्युटरसारख्या जुन्या यंत्रांत बायॉस म्हणतात. या बायॉसकडे एक यादी असते. आधी कोणत्या दारावर थाप मारायची, मग कोणत्या. बहुतेक यंत्रांत पहिलं दार हार्ड डिस्कचं. बायॉस तिथे जाऊन डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो. केवढा असतो तो? फक्त ५१२ बाइटचा! म्हणजे साध्या इंग्रजीत ५१२ अक्षरं मावतील एवढा. त्या चिमुकल्या तुकड्यात पुढची वाट लिहिलेली असते. ती धरून थोडा मोठा कार्यक्रम आत येतो, तो त्याहून मोठ्याला हाक मारतो, आणि शेवटी अख्खं विंडोज उभं राहतं. याला इंग्रजीत बूट होणं म्हणतात. बूट म्हणजे आपले पायातलेच बूट! बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, अशी इंग्रजीत एक गमतीची कल्पना आहे, तिच्यावरून हा शब्द आला. आपण म्हणतो ना, स्वतःच्याच खांद्यावर स्वतः बसायचं, तसंच काहीसं.

आमच्या डिस्कवरची ही वाटच मध्ये कुठेतरी तुटली होती. डिस्कवर लिहिणं चालू असताना लाइट जाते तेव्हा काय होतं सांगू? शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही डोळ्यांपुढे आणा. कोणतं पुस्तक कोणत्या कप्प्यात ते तिच्यात लिहिलंय. नोंद लिहिता लिहिता कुणी हाताला धक्का मारला आणि शाई सांडली, तर? पुस्तकं कपाटात जागच्या जागी असतात, पण वहीवरून ती सापडत नाहीत. डिस्कवरही अशी नोंदवही असते. आमच्या चौदा रेकॉर्डिंगपैकी किती कपाटात आहेत, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मग ही नोंदवही दुरुस्त का नाही करायची? करता येते की! विंडोजमध्ये त्यासाठी 'चेकडिस्क' नावाचं अवजारच आहे. पण ते असतं कुठे? त्याच डिस्कवर! डिस्क चालल्याशिवाय अवजार हाती येत नाही आणि अवजार मिळाल्याशिवाय डिस्क चालत नाही. आणि कॉम्प्युटर चालू असला, तरी ज्या डिस्कवर विंडोज स्वतः बसलंय तिची दुरुस्ती ते चालू असताना करत नाही. सांगितलं तर म्हणतं, ही डिस्क वापरात आहे, पुढच्या वेळी चालू होताना करू का? पाहा, बाजेवर झोपलेला माणूस म्हणतोय, उठल्यावर आवळतो!

म्हणजे आम्हाला हवी होती दुसरी एखादी जागा, जिथे कॉम्प्युटरला दोन घटका उभं करता येईल.

ती सापडली माझ्याच घरी, जुन्या पुस्तकांच्या पेटीत. मी डी.एड. करत होते तेव्हा उबुंटू नावाची प्रणाली बनवणारी कंपनी जगात कुणालाही तिची सीडी टपालानं फुकट पाठवायची. २००५ ते २०११ पर्यंत ही योजना चालू होती. आम्ही मैत्रिणींनी हौसेनं मागवली होती. पाकीट उघडून पाहिलं होतं आणि ठेवून दिलं होतं. त्या सीडीची खुबी अशी, की कॉम्प्युटर सगळा तिच्यावरूनच चालू होतो. हार्ड डिस्कला हात लावायची गरजच नाही. तिला 'लाइव्ह सीडी' म्हणतात. क्लाउस क्नॉपर नावाच्या जर्मन गृहस्थांनी २००० साली 'क्नॉपिक्स' नावाची अशीच सीडी काढली आणि ती कल्पना जगभर गाजली.

बरं, कॉम्प्युटर सीडीवरून चालू होऊ शकतो, हेही काही पहिल्यापासून नव्हतं. त्याआधी फ्लॉपी लागायची, १.४४ एमबीची, काळ्या चौकोनी वडीसारखी. १९९५ च्या सुमारास दोन कंपन्यांच्या लोकांनी बसून सीडीवरून चालू करण्याचे नियम ठरवले. त्या नियमांचं नाव 'एल टोरिटो'. हे कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलचं नाव आहे! तिथे जेवता जेवता ही कल्पना ठरली, असं सांगतात. आपल्याकडे ठरली असती तर नियमाचं नाव काय पडलं असतं, 'मिसळ'?

असो. सोमवारी मी सीडी घेऊन शाळेत गेले. बायॉसच्या यादीत सीडीचं दार पहिलं करायचं होतं. त्यासाठी चालू होताना लगेच एक ठरावीक कळ दाबावी लागते. कुठल्या यंत्रात ती एफ२ असते, कुठल्यात एफ१२, कुठल्यात डिलीट. आमच्यात डिलीट निघाली. सीडी घरघरली, दोन-तीन मिनिटं काहीच नाही, आणि मग पडद्यावर जांभळट रंग आला. पोरांनी टाळ्याच वाजवल्या.

उबुंटू विचारतं, नुसतं वापरून पाहायचं की कायमचं बसवायचं? 'कायमचं' म्हटलं असतं, तर डिस्कवरच्या आमच्या मजकुरावर बोळा फिरला असता. आम्ही पहिलं निवडलं. मग हार्ड डिस्क उघडली. फोल्डर दिसलं! दुरुस्ती वगैरे राहू दे, आधी एक पेनड्राइव्ह लावला आणि एकेक रेकॉर्डिंग त्यावर उतरवायला घेतलं. हा क्रम मात्र पक्का ध्यानात ठेवा. दुरुस्ती करणारं अवजार नोंदवहीत खाडाखोड करतं, आणि खाडाखोड चुकू शकते. घराला गळती लागली तर आधी धान्याची पोती बाहेर काढायची, मग कौलं चाळायची.

बारा उतरल्या. तेरावी निम्म्यावर अडकली, तिच्या जागी चूक दाखवणारा संदेश आला. दोनदा प्रयत्न केल्यावर तीही आली. चौदावी फोल्डरमध्ये नव्हतीच. कोणती होती ती? तुम्ही ओळखलंच असेल. गाणाऱ्या आजींची.

नात काही बोलली नाही. मुलांनी जागा करून दिली तशी माझ्या खुर्चीजवळ येऊन बसली.

आता खरी दुरुस्ती. कॉम्प्युटरबरोबर आलेली विंडोज ७ ची डीव्हीडी मुख्याध्यापक गुरुजींनी कपाटात कुलपात जपून ठेवली होती, पावतीसकट. पण दुरुस्ती चालू असताना पुन्हा लाइट गेली असती तर होतं नव्हतं तेही गेलं असतं. ग्रामपंचायतीच्या खोलीत इन्व्हर्टर होता. दोघा मुलांनी डबा उचलला, एकानं पडदा, आमची वरात निघाली.

डीव्हीडी घातली. पडद्यावर ओळ आली, 'प्रेस एनी की टु बूट फ्रॉम सीडी ऑर डीव्हीडी'. ती काही सेकंदच थांबते. एक पठ्ठ्या कीबोर्डवर शोधत बसला, "बाई, एनी नावाची कळ कुठंय?" तोवर ओळ गेलीसुद्धा! एनी की म्हणजे कोणतीही कळ, रे बाबा. पुन्हा चालू केलं.

यानंतर येतं ते सगळ्यात धोक्याचं वळण. पडद्याच्या मध्यभागी भलंमोठं बटण असतं, 'इन्स्टॉल नाऊ'. ते आपलं नव्हे. खाली डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, लाजल्यासारखं लिहिलेलं असतं, 'रिपेअर युअर कॉम्प्युटर'. आपलं ते. ही डीव्हीडी विंडोज नव्यानं बसवण्यासाठी असते, म्हणून बसवण्याचं बटण मोठं. पण तिच्या पोटात दुरुस्तीची हत्यारंही असतात, हे कितीतरी मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतं.

आत गेल्यावर 'कमांड प्रॉम्प्ट' निवडलं. काळी चौकट आली. मी टाइप केलं, चेकडिस्क, सी, आणि तिरकी रेघ देऊन आर. 'आर' दिलं की ते नोंदवही तर तपासतंच, शिवाय डिस्कचा प्रत्येक तुकडा वाचून पाहतं. न वाचता येणारा तुकडा सापडला, तर त्यातलं जमेल तेवढं सोडवून त्यावर 'इथे पुन्हा लिहू नये' अशी खूण करतं.

काम चुटकीसरशी झालं! "झालं पण!" पोरं नाचली. डीव्हीडी काढली, चालू केलं, तर पुन्हा तीच ओळ. डिस्क वाचता आली नाही.

मी अर्धा तास डोकं धरून बसले. मग आठवलं, कशाची डिस्क आणि कशी इतक्या लवकर तपासून होईल? पुन्हा डीव्हीडीवरून चालू केलं आणि 'सी' मध्ये काय आहे ते पाहिलं. तिथे काहीच दिसेना! खरा घोटाळा असा होता. विंडोज ७ डिस्कच्या सुरुवातीला १०० एमबीची एक छोटीशी खोली स्वतःसाठी राखून ठेवतं. एरवी ती आपल्याला दिसत नाही. डीव्हीडीवरून चालू केलं की तिलाच 'सी' नाव मिळू शकतं, आणि आपलं नेहमीचं 'सी' होतं 'डी'. आम्ही घर सोडून देवळीच झाडली होती!

आता 'डी' वर चेकडिस्क लावलं. दुपारचे दोन वाजले होते. पाच टप्पे असतात. पहिले तीन लवकर झाले. चौथ्यात आकडा हलेना. अकरा टक्के. अकरा टक्के. बारा टक्के. मुलं दप्तरं घेऊन घरी गेली, चहा पिऊन परत आली. साडेचारला लाइट गेली. इन्व्हर्टरनं टक् केलं आणि पडदा तसाच राहिला. मी देवाचं नाव घेतलं, खरंच सांगते. साडेसहाला पाचवा टप्पा संपला. पडद्यावर काही तुकडे खराब निघाल्याची नोंद होती. सुरुवातीची तुटलेली वाट जोडायला त्याच डीव्हीडीवरचं 'स्टार्टअप रिपेअर' चालवलं. ते एकदा केलं तर म्हणालं जमत नाही, दुसऱ्यांदा केलं तर जमलं. का ते विचारू नका!

विंडोजचं चित्र आलं. रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये मात्र अजूनही तेराच. पण डिस्कवर एक नवं फोल्डर उगवलं होतं, कधी कधी ते लपूनही बसतं, 'फाउंड.०००' नावाचं. नोंद नसलेलं पण कपाटात सापडलेलं सामान चेकडिस्क तिथे ठेवतं. त्यात तीन फाइली होत्या, नावं अशी, 'फाइल००००', 'फाइल०००१', 'फाइल०००२'. आणि सगळ्यांचं आडनाव एकच, 'सीएचके'. बिचाऱ्यांची जुनी नावं हरवली होती. दोन अगदी चिमुकल्या. तिसरी चांगली मोठी. मी तिचं आडनाव बदलून रेकॉर्डिंगचं ठेवलं आणि वाजवायला दिली.

आधी नुसती खरखर. मग मुलांचा आवाज, "आजी, बोला ना." मग गाणं. मग ठसका, आणि हसणं.

नातीनं ते तीनदा ऐकलं. मग पदरमोड करून आणलेला आणखी एक पेनड्राइव्ह मी लगेच तिच्या हातात दिला.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या लॅपटॉपला तर डिस्क घालायची फटच नाही! बरोबर. आता हेच काम पेनड्राइव्ह करतो. चांगल्या चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते उतरवून घेता येतं. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं मात्र पुसलं जातं, तेव्हा लग्नाच्या फोटोंचा घेऊ नका. विंडोज १० आणि ११ मध्ये कॉम्प्युटर चालू होत असेल, तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं तरी दुरुस्तीचा पडदा येतो. नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा कुलूपबंदही असते. मग ४८ आकडी किल्ली मागतात. ती आईबाबांनी कुठे लिहून ठेवलीय, हे आजच विचारून ठेवा. आणि डिस्कमधून टक-टक, कुर्र-कुर्र असा आवाज येत असेल, तर चेकडिस्कच्या वाटेला जाऊच नका. ती नोंदवहीची नाही, यंत्राची मोडतोड आहे. जास्त फिरवाल तितकी जास्त घासेल. तिथे जाणत्या माणसालाच बोलवायचं.

बाहेरून उभं राहूनच दुरुस्त करावं लागतं, याचा झटका १९ जुलै २०२४ ला साऱ्या जगाला बसला होता. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीनं कॉम्प्युटरच्या राखणीसाठी पाठवलेल्या एका फाइलीत चूक होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना चक्क हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. चूक होती एका छोट्या फाइलीची, आणि सुधारलेली फाइल दीड तासात तयारही झाली होती. पण जो कॉम्प्युटर चालूच राहत नाही, त्याला ती पोचवणार कशी? कितीतरी ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापुढे बसून, ते दुरुस्तीच्या पडद्यावर किंवा पेनड्राइव्हवरून चालू करून, ती फाइल हातानं पुसावी लागली. त्या रात्री मी बातम्या पाहत होते. आमची ग्रामपंचायतीची खोलीच डोळ्यांपुढे आली!

आमच्या डिस्कचं पुढे काय झालं? चार महिने नीट चालली. दिवाळीच्या सुट्टीनंतर टक-टक करू लागली, तेव्हा गुरुजींनी नवी बसवून घेतली. रेकॉर्डिंगच्या तोवर तीन ठिकाणी प्रती झाल्या होत्या, त्यामुळे कुणाला घोर नव्हता. जुनी डिस्क आम्ही विज्ञानाच्या तासाला स्क्रू काढून उघडली. आत ताटलीसारखी गोल चकती, आरशासारखी लखलखीत. मुलांनी तिच्यावर ते खराब तुकडे शोधले, भिंगानंही पाहिले. काही दिसलं नाही. आता ती चकती वर्गाच्या खिडकीत टांगलेली आहे, आणि प्रार्थनेआधी मुली तिच्यात पाहून रिबिनी नीट करतात.